विषाद आणि वैद्याचा शोध : बडोद्याच्या इतिहासातील काही पाने

इ. स. १८८७ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) प्रथमच युरोपच्या प्रवासास निघाले, तेव्हा त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते. राजेरजवाडे विलायतेस जातात ते दरबारी भेटीगाठींसाठी, घोड्यांच्या शर्यतींसाठी किंवा जगाची मौज पाहण्यासाठी, अशी लोकांची समजूत. आणि ते वर्ष व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे असल्यामुळे तशी समजूत होण्यास निमित्तही होते. परंतु या प्रवासाचे मुख्य कारण प्रकृती हे होते. महाराजांना झोप येत नसे. निद्रानाश आणि मज्जातंतूंचा थकवा यांनी त्यांना ग्रासले होते आणि डॉक्टरांनी विश्रांती व थंड हवा यांचा सल्ला दिला होता. त्यानंतरच्या अर्धशतकात ते पुनःपुन्हा युरोपास गेले, आणि या प्रवासांमागे प्रकृतीचे कारण वारंवार दिसते.

बडोदे संस्थानाचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार सक्तीचे प्राथमिक शिक्षण, गावोगावची ग्रंथालये, ग्रंथमाला, व्यायामशाळा यांविषयी विस्ताराने लिहितात, आणि ते योग्यच आहे. १८९३ साली अमरेली भागात सुरू झालेले सक्तीचे शिक्षण १९०६ साली सर्व संस्थानास लागू झाले, ही गोष्ट हिंदुस्थानात अन्यत्र घडली नव्हती. महाराजांच्या निद्रानाशास मात्र या ग्रंथांत फारशी जागा मिळत नाही. आमच्या मते तो विषय धर्मसेवकांनी तरी ओलांडून जाऊ नये. ज्यांच्याकडे लोक रात्री-अपरात्री मनाचे दुखणे घेऊन येतात, त्यांना दुखण्याच्या इतिहासापेक्षा वैद्याच्या शोधाचा इतिहास अधिक उपयोगाचा आहे. प्रस्तुत लेखात तो शोध बडोदे शहर व त्या संस्थानाचा मुलूख यांच्या आधारे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम एक सावधगिरीची सूचना. मृत व्यक्तीस आजच्या रोगाचे नाव देण्याची हौस अलीकडे फार वाढली आहे. सयाजीरावांस आजच्या परिभाषेतील विषादरोग, म्हणजे डिप्रेशन, होता असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणण्याचा अधिकार त्यांना तपासलेल्या वैद्यासच असू शकतो. त्या काळच्या वैद्यकात अशा अवस्थेस ‘न्यूरस्थेनिया’ म्हणत. मराठीत आपण त्यास मज्जादौर्बल्य म्हणू. अमेरिकेतील जॉर्ज बिअर्ड या डॉक्टराने १८६९ साली हे नाव प्रचारात आणले. मेंदूवर अतिश्रमाचा ताण पडला म्हणजे मज्जातंतूंतील शक्ती खर्ची पडते आणि मग निद्रानाश, अपचन, डोकेदुखी, उदासीनता, निर्णय घेण्याची असमर्थता ही लक्षणे उद्भवतात, असा त्याचा सिद्धांत होता. आज वैद्यकाने हे नाव बहुतांशी टाकून दिले आहे. ज्यांना पूर्वी ते चिकटवले जात असे त्यांच्यापैकी अनेकांस आजचा वैद्य विषाद किंवा चिंताविकार असे निदान सांगेल.

या नावाचा एक मोठा गुण होता. त्यात लज्जा नव्हती. वेडाचे नाव निघताच घराण्याची अब्रू जात असे; मज्जादौर्बल्य हे उलट बुद्धिमान, कर्तबगार, जबाबदारीखाली वाकलेल्या मनुष्याचे दुखणे मानले जाई. त्यामुळे ज्यांच्याजवळ पैसा होता ते उघडपणे वैद्य शोधू शकत, स्वित्झर्लंडच्या डोंगरात किंवा औषधी झऱ्यांच्या गावी जाऊन राहू शकत. फिलाडेल्फियाच्या वेअर मिचेल यांची विश्रांतीचिकित्सा त्या काळी गाजत होती : रोग्यास अंथरुणात पडून ठेवावे, भरपूर दूध व अन्न द्यावे, अंग चोळावे आणि आप्तेष्टांना दूर ठेवावे. काहींना तिचा गुण आला. शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेस मात्र ती असह्य झाली, आणि १८९२ साली तिने त्या अनुभवावर आधारलेली कथा प्रसिद्ध केली. एकच उपचार एकास तारक तर दुसऱ्यास मारक ठरतो, हे तेव्हाही दिसत होते.

पण या नावात एक उणीवही होती, आणि ती आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. त्यात श्रमाला स्थान होते, शोकाला नव्हते. सयाजीरावांच्या आयुष्याकडे पाहावे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी १८६३ साली जन्मलेला गोपाळ नावाचा शेतकरी घरातील मुलगा बारा वर्षांचा असताना, मे १८७५ मध्ये, महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक दिला जातो. तोवर त्यास लिहिता-वाचता येत नव्हते. आईबापांचे घर, शेत हे सारे मागे पडते आणि इलियट साहेबांच्या देखरेखीखाली दिवसभराच्या अभ्यासाचा क्रम सुरू होतो. डिसेंबर १८८१ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, वीस लाखांहून अधिक प्रजेचा कारभार त्याच्या हाती येतो. १८८५ साली तंजावरहून आलेली त्याची तरुण पत्नी चिमणाबाई क्षयाने मरण पावते; पदरी लहान पुत्र असतो; आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुसरा विवाह होतो. त्यानंतर दोन वर्षांच्या आत महाराज वैद्यकीय सल्ल्याने बोटीवर चढतात.

ही वर्षे अशी शेजारी शेजारी ठेवली म्हणजे आम्हांस अतिश्रमाचा सिद्धांत पुरेसा वाटत नाही. हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे. रावपुऱ्यातून जाताना १८९६ साली चिमणाबाईंच्या स्मरणार्थ उभारलेला घड्याळाचा मनोरा दिसतो. अकरा वर्षांनंतरही महाराजांच्या मनातून ती गेली असेल असे आम्हांस वाटत नाही.

शोकाची कथा तेथे संपत नाही. पुत्र फत्तेसिंगराव १९०८ साली गेला, शिवाजीराव १९१९ साली, जयसिंगराव १९२३ साली. तीन तरुण मुलांचा मृत्यू पाहिलेला हा पिता ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत निधन पावला.

महाराजांच्या वैद्यशोधात आणखी एक अडथळा होता : संशय. प्रकृती हे निमित्त आहे, खरे कारण ऐषआराम किंवा राजकारण, अशी कुजबूज ब्रिटिश अधिकाऱ्यांत चाले. १९०० साली लॉर्ड कर्झन यांनी संस्थानिकांच्या परदेशप्रवासास सरकारच्या परवानगीचे बंधन घालणारे परिपत्रक काढले, आणि त्याचा रोख आपल्यावर आहे असे सयाजीरावांस वाटले. तसे वाटण्यास कारणही होते. पाय मोडलेल्या माणसास पाय दाखवता येतो. ज्याचे मन मोडले त्याला आपले दुखणे सिद्ध करून दाखवावे लागते, मग तो सिंहासनावर बसलेला का असेना. आमच्या धर्मग्रामांतील घरोघरच्या सासवा, कारखान्यांतील मुकादम आणि (हे लिहिताना संकोच वाटतो) काही धर्मगुरूसुद्धा कर्झनसाहेबांचे ते परिपत्रक दररोज नव्याने काढत असतात.

ही झाली ऐश्वर्यवंताची गोष्ट. संस्थानातील सामान्य माणसाचे काय? त्याच कारकिर्दीत बडोद्यात वेड्यांचे इस्पितळ चालू झाले. कारेलीबागेतील आजचे मानसिक आरोग्य रुग्णालय हा त्याचाच वारसा. परंतु त्या काळची अशी इस्पितळे देशात सर्वत्र उपचारापेक्षा बंदोबस्तासाठी अधिक होती. १८५८ चा कायदा काय किंवा १९१२ चा काय, मनोरुग्णास कोणी, कोणाच्या हुकमाने, किती काळ डांबावे याची चिंता त्यांत होती. जो अजून शेतावर जातो आहे, पण ज्याला जगण्यात रस उरलेला नाही, त्या शेतकऱ्यास या इस्पितळाच्या दारात स्थान नव्हते आणि तेथे जाण्याची त्याची इच्छाही नव्हती.

तो जात असे दर्ग्यावर. संस्थानाच्या उत्तरेकडील कडी प्रांतात, आजच्या मेहसाणा जिल्ह्यात, उनावा येथे सैयद अली मीरा दातार यांचा दर्गा आहे. बाधा, करणी, भूत यांनी पछाडलेले म्हणून आणलेले सर्व धर्मांचे स्त्रीपुरुष तेथे महिनोन्‌महिने राहत आले आहेत. आपल्या लोकांचीही वहिवाट यापेक्षा फार वेगळी नाही. फक्त स्थळांची नावे वेगळी. सुशिक्षित मनुष्य याला अंधश्रद्धा म्हणून मोकळा होतो. आम्ही मोकळे होऊ इच्छित नाही. तेथे रोग्याच्या शेजारी त्याचे घरचे माणूस बसलेले असते, त्याचे दुखणे सगळे खरे मानतात, त्याला कोणी ‘मनाचे खेळ’ म्हणत नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ जेरोम फ्रँक यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आधुनिक मानसोपचार आणि पारंपरिक उपचारविधी यांची तुलना करून हेच दाखवले : विश्वासाचे नाते, निश्चित स्थळ, दुखण्याचा अर्थ लावणारी कथा आणि दोघांनी मिळून करायचा काही विधी, एवढे सर्वत्र समान असते.

मात्र तेवढ्याने भागत नाही, याचा दाहक पुरावा ६ ऑगस्ट २००१ रोजी मिळाला. तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आसपास चालणाऱ्या एका खासगी निवासात आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रश्नात लक्ष घातले. पुढे उनाव्यात २००८ च्या सुमारास ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम सुरू झाला. दर्ग्याच्या मुजावरांस मनोविकारांची लक्षणे ओळखण्यास शिकवले गेले. दुआ झाली की तेच मुजावर रोग्यास दर्ग्याच्या आवारातील डॉक्टरकडे पाठवू लागले. मुजावरावर लोकांचा विश्वास असल्यामुळे त्याने पाठवलेला माणूस गोळी घेई. डॉक्टराने थेट बोलावले असते तर कदाचित आलाच नसता. आमच्या वाचकांतील धर्मशिक्षकांनी या मुजावरांच्या जागी स्वतःस कल्पून पाहावे.

आता बडोद्यातील आणखी एका माणसाकडे वळतो. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. भीमराव आंबेडकर करारानुसार नोकरीसाठी १९१७ साली बडोद्यास आले. अस्पृश्यास कोणी घर देईना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी वसतिगृहात राहिले. वरच्या मजल्यावरची ती जागा, अडगळीने भरलेले दालन, रात्रीचा अंधार, कंदिलाचा उजेड, बोलण्यास माणूस नाही, या एकांताचे वर्णन त्यांनी स्वतःच्या आठवणींत केले आहे. थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्याने वर आले आणि त्यांनी त्यांस संध्याकाळपर्यंत निघून जाण्यास बजावले. मग ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू होता. त्याने आपल्या अडचणी सांगितल्या. दुसरा हिंदी ख्रिस्ती होता. त्याने सांगितले की पत्नी उद्या यायची आहे, तिला विचारून सांगतो. पतिपत्नी दोघेही मूळचे ब्राह्मण घराण्यातील. धर्मांतरानंतर पती विचाराने उदार झाला होता, पत्नी मात्र अस्पृश्यास घरात घेण्यास कबूल झाली नसती, आणि ते उत्तर म्हणजे सभ्य नकार होता, हे आंबेडकरांस मागाहून कळले.

तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास त्यांनी शहर आणि कँप यांच्या सीमेवरील कामाठीबागेत काढले : काही वेळ शून्य मनाने, काही वेळ दुःखात, आईवडिलांची आठवण काढत. आज त्या बागेत त्यांचे स्मरण केले जाते आणि त्या जागेस संकल्पभूमी म्हणतात. गतवर्षी काही कामानिमित्त आम्ही बडोद्यास गेलो असता फत्तेगंजच्या बाजूने चालत तेथे गेलो. बागेत मुले खेळत होती. त्या ख्रिस्ती मित्राचे घर कोठे असेल याचा विचार आमच्या मनातून जाईना.

हा प्रसंग विषादरोगाच्या इतिहासात कशासाठी, असे कोणी विचारील. आंबेडकरांस रोग नव्हता. त्यांच्यावर अन्याय झाला होता, आणि त्या अन्यायावर मज्जातंतूंचे कोणतेही औषध चालले नसते. नेमके याचसाठी तो येथे हवा. योग्य उपचारक कोण, याची एक कसोटी अशी की त्याला रोग आणि अन्याय यांतील भेद ओळखता यावा. नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीस केवळ गोळ्या देऊन शांत करणारा डॉक्टर आणि तिला केवळ सहनशीलतेचा उपदेश करणारा धर्मगुरू, दोघेही एकच चूक करतात. उलट खरोखर रोगी असलेल्यास ‘तुझी परिस्थिती बदल, बरा होशील’ असे सांगणाराही चुकतो. राजवाड्यात सर्व काही होते, तरी झोप नव्हती.

आपल्या परंपरेत या शोधाविषयी बरेच शहाणपण साठलेले आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात शौल राजा व्याकूळ होतो, तेव्हा वैद्य शोधण्याचे काम तो स्वतः करत नाही. त्याच्यात ते बळ उरलेले नाही. ते काम त्याचे सेवक करतात. वादनात निपुण मनुष्य शोधू या, असे ते सुचवतात. त्यांपैकी एकास इशायाच्या मुलाची माहिती असते. आणि तो त्याचे कसब, धैर्य, बोलण्यातील विवेक, चारित्र्य हे सारे सांगतो. म्हणजे चौकशी झालेली आहे. विषादग्रस्तास ‘चांगला डॉक्टर शोध आणि जा’ असे सांगणे म्हणजे लंगड्यास डोंगर चढून काठी आणण्यास सांगणे होय. तोच ग्रंथ पुढे दाखवतो की दावीदाची वीणा शौलास काही काळ विसावा देई, कायमचे बरे करत नसे, आणि एके दिवशी राजाने भालाही फेकला. उपचारक कितीही चांगला असला तरी एकटा पुरत नाही, आणि त्याच्याही जिवाची काळजी कोणी घ्यावी लागते.

अविलाची संत तेरेसा हिने मार्गदर्शक निवडण्याविषयी जे लिहिले ते तर आजही धर्मगुरुवर्गाने वाचावे. अर्धवट शिकलेल्या पापनिवेदकांनी आपले नुकसान केले, असे ती आत्मचरित्रात स्पष्ट म्हणते. नुसत्या भाविकापेक्षा विद्वान मार्गदर्शक तिला अधिक भरवशाचा वाटे. मठस्थापनेच्या ग्रंथात तिने खिन्नतेने पीडित भगिनींवर एक संपूर्ण अध्याय लिहिला आहे. त्यातील कडक शिस्तीचा सल्ला आम्हांस आज पटत नाही. पण ती अवस्था म्हणजे आजार आहे हे तिने सोळाव्या शतकात जाणले होते. क्रूसभक्त संत योहान यानेही आत्म्याची काळोखी रात्र आणि शरीरप्रकृतीतून येणारी खिन्नता यांत फरक केला. बेनसिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्यास मान देण्यास सांगतो, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे.

विसाव्या शतकात भारतीय ख्रिस्तमंडळीने या क्षेत्रात काही भरीव कामही केले. स्टॅन्ले जोन्स यांनी १९५० साली लखनौ येथे नूर मंझिल हे मानसोपचार केंद्र काढले. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाने १९५७ साली मानसिक आरोग्य केंद्र उघडले आणि रोग्याबरोबर घरचे माणूस राहिलेच पाहिजे अशी पद्धत घातली. त्याच दशकात अमृतसरच्या सरकारी मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून कुटुंबांना आत घेतले होते. दर्ग्यात जे आपोआप घडत होते ते शास्त्राने हेतुपुरस्सर स्वीकारले. १९५७ हेच वर्ष औषधांच्या दृष्टीनेही मोठे. स्वित्झर्लंडमधील रोलांड कून यांनी इमिप्रामिन या औषधाने विषाद कमी होतो हे त्या वर्षी जाहीर केले. सयाजीराव ज्या देशात हवापालटास जात, त्याच देशातून त्यांच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी हे औषध आले.

तरीही शोध सोपा झालेला नाही. २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये घेतली होती, त्यांत गुजरात होते. विषादग्रस्तांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांविना आहेत असे त्यातून दिसले. १९४९ साली स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय, मोठे सरकारी रुग्णालय, मानसिक रुग्णालय, विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग, एवढे सर्व असणाऱ्या बडोद्यासारख्या शहरातही घरच्या माणसास पहिला प्रश्न पडतो : कोणाकडे जावे?

येथे आम्ही स्वतःच्या एका चुकीची कबुली देतो. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात होतो तेथील एक धर्मशिक्षक हळूहळू मावळत गेला. शिकवण्यास येई, पण मुलांची नावे विसरे. पहाटे तीनला उठून ओट्यावर बसे. आम्ही त्यास विश्वास दृढ ठेवण्यास सांगितले आणि नऊ दिवसांची भक्ती सुचवली. तो निमूटपणे करत राहिला. त्याची पत्नी मात्र शौलाच्या सेवकांपेक्षा कमी नव्हती. तिने प्रथम नेहमीच्या डॉक्टरकडे नेले. झोपेच्या गोळ्या मिळाल्या. मग नातलगांच्या आग्रहाने एका प्रार्थनासभेत नेले. तेथे कोणी तरी न कबूल केलेले पाप शोधा असे सांगितले, आणि त्या रात्री तो अधिकच खचला. तिसऱ्या ठिकाणी, एका गजबजलेल्या दवाखान्यात, चार मिनिटांत चिठ्ठी लिहून झाली आणि पतीने तोंडही उघडले नाही. चौथ्या ठिकाणी एका बाईंनी त्यास मराठीत विचारले, ‘‘जीव नकोसा वाटतो का?’’ तो रडला. त्या बाई मानसशास्त्रज्ञ होत्या. त्यांनीच औषधासाठी एका मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवले आणि दर आठवड्याला स्वतः भेटत राहिल्या. सात महिन्यांनी तो वर्गावर परतला. पत्नीने आम्हांस दोष दिला नाही. एवढेच म्हणाली, ‘‘फादर, एक नाव जरी सांगितलं असतंत, तरी आमचे पाच महिने वाचले असते.’’

त्या वाक्यामुळे आम्ही चौकशीस लागलो. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकशास्त्राचा पदवीधर असून तो औषध देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते आणि ती विचारण्यात संकोच करू नये. समुपदेशक ही पाटी मात्र आजवर जवळजवळ कोणीही लावू शकत असे, म्हणून त्याचे शिक्षण व अनुभव विचारून घ्यावा लागतो. सौम्य विषादात संभाषणाचा उपचार पुष्कळदा पुरतो. झोप, भूक, काम सर्वच सुटले असेल किंवा मरणाचे विचार येत असतील तर वैद्य आधी, बाकीचे मागून. बहुतेक औषधांचा गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात, हे घरच्यांस कोणी सांगत नाही, आणि दहाव्या दिवशी गोळ्या बंद होतात.

भाषेचा मुद्दा आम्हांस सर्वांत वर ठेवावासा वाटतो. बडोद्यातील मराठी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासाने गुजराती शब्द मिसळले आहेत. तेथील आजी मराठी वाक्यात ‘गभरामण’ म्हणते आणि ‘मूंझारो’ म्हणते, आणि ‘विषाद’ हा आमचा शब्द तिला परका वाटतो. तिचे दुखणे छातीत असते, डोक्यात असते, हातापायांत असते. मनात आहे असे ती कधीच म्हणत नाही. जो उपचारक हे शब्द ऐकून हृदयाची तपासणी करून तिला घरी पाठवतो तो तिच्यासाठी योग्य नव्हे, त्याच्या भिंतीवर पदव्या कितीही असोत. दोन-तीन भेटींनंतरही आपले बोलणे पोचत नाही असे रोग्यास वाटले तर वैद्य बदलणे ही कृतघ्नता नव्हे. आणि जो उपचारक श्रद्धेची टिंगल करतो किंवा स्वतःची श्रद्धा लादतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. ख्रिस्ती रोग्यास ख्रिस्तीच वैद्य हवा असा आग्रहही आम्ही धरत नाही. वर सांगितलेल्या बाई ख्रिस्ती नव्हत्या.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आणि साखळ्यांनी बांधण्यास मनाई केली. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर चालू झाली असून तेथे प्रादेशिक भाषांत बोलता येते. आमच्या चर्चच्या दाराजवळील फलकावर मिस्सांच्या वेळापत्रकाखाली हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. कोणी तो पाहताना दिसू नये म्हणून एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तो जिन्याच्या मागे लावावा असे सुचवले. तेव्हापासून तो दोन्ही ठिकाणी आहे.

धर्मग्रामाच्या कार्यालयात आम्ही एक छोटी वही ठेवतो. तीत उपचारकांची नावे, त्यांची पात्रता, कोणत्या भाषा बोलतात, फी किती, कमी करतात का, बस कोणती, असे लिहिलेले असते. वर्षातून दोनदा तो धर्मशिक्षकच प्रत्येकाकडे जाऊन माहिती ताडून पाहतो. रोगी म्हणून बाकावर बसलेला असल्यामुळे काय विचारावे ते त्याला आमच्यापेक्षा अधिक कळते. पहिल्या पानावर पाच नावे होती. गेल्या पावसाळ्यात त्यांतील एक खोडावे लागले. दुसऱ्यापुढे ‘फक्त मंगळवार व शुक्रवार, दुपारी चारनंतर’ असे त्याने पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.